प्राणवह स्रोतस : परिचर्येच्या विद्यार्थिनींसाठी श्वासपरीक्षणाचा पाठ

चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादांत वैद्य, औषधद्रव्य आणि रुग्ण यांच्या जोडीने उपस्थात्याची, म्हणजेच परिचारकाची गणना केली आहे. उपचारज्ञता, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग व शुचिता हे त्याचे चार गुण होत. त्यांत ज्ञानाला प्रथम स्थान आहे, ही बाब लक्षणीय आहे.

परिचर्या शिकणाऱ्या विद्यार्थिनी आंतररुग्ण विभागात नाडी, ताप व रक्तदाब काळजीपूर्वक नोंदवतात. श्वासगती मात्र पुष्कळदा न मोजताच लिहिली जाते, असे आमच्या पाहण्यात येते. एकाच पृष्ठावर सर्व रुग्णांपुढे '२०' हा एकच आकडा आढळतो. वस्तुतः रुग्णाची अवस्था खालावू लागली की श्वासगती बरेचदा इतर चिन्हांच्या आधी बदलते. वैद्यांनी आपल्या परिचारिकांना आणि औषधालयचालकांनी आपल्या सहायकांना शिकवावा, या हेतूने हा पाठ देत आहोत.

रचना व क्रिया

नासा, घसा, स्वरयंत्र, श्वासनलिका, तिच्या दोन शाखा व अखेरीस वायुकोश असा वायूचा मार्ग आहे. उजव्या फुप्फुसाचे तीन व डाव्याचे दोन खंड असतात. उजवी शाखा अधिक रुंद व सरळ असल्याने बालकाच्या श्वासमार्गात गेलेला शेंगदाणा बहुधा उजवीकडेच अडकतो.

शांत अवस्थेत प्रौढ व्यक्ती एका श्वासात सुमारे ५०० मि.लि. हवा आत घेते. पैकी सुमारे १५० मि.लि. नलिकांतच राहते व वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही. आता पुढील हिशेब फळ्यावर मांडावा. मिनिटाला १२ श्वास, प्रत्येकी ५०० मि.लि., म्हणजे एकूण ६ लिटर. त्यातून वायुकोशांस ४.२ लिटर मिळतात. मिनिटाला ३० श्वास, प्रत्येकी २०० मि.लि., म्हणजेही एकूण ६ लिटरच. परंतु वायुकोशांस केवळ १.५ लिटर मिळतात. जलद व उथळ श्वास घेणारा रुग्ण श्रम अधिक करतो आणि त्याला प्राणवायू मात्र कमी मिळतो. प्राणवह स्रोतसाच्या दुष्टिलक्षणांत चरकाचार्यांनी थोडा थोडा व वारंवार होणारा उच्छ्वास का सांगितला, ते या हिशेबावरून विद्यार्थिनींस चटकन उमजते. सशब्द, सशूल, अतिदीर्घ वा अडखळणारा उच्छ्वास हीदेखील त्याच दुष्टीची लक्षणे होत.

या स्रोतसाचे मूल हृदय व महास्रोतस असे सांगितले आहे. त्यामुळे धाप लागलेल्या रुग्णाच्या पायांवर सूज आहे काय, आडवे होताच धाप वाढते काय, पोट फुगले आहे काय, हेही परिचारिकेने पाहावे. भरल्या पोटाने श्वासपटलाची हालचाल मर्यादित होते. म्हणून आहार लघु, उष्ण व थोडा थोडा द्यावा.

श्वासगणना

आपला श्वास मोजला जात आहे हे कळताच रुग्णाचा श्वास बदलतो. यास्तव नाडी पाहून झाल्यावर बोटे मनगटावर तशीच ठेवावीत आणि छातीची हालचाल पूर्ण ६० सेकंद मोजावी. प्रौढाची स्वाभाविक गती मिनिटाला १२ ते २० असते. ती २५ च्या वर गेल्यास वैद्यांस तत्काळ कळवावे. ३० वा अधिक असल्यास ती आत्ययिक अवस्था समजावी. बालक शांत असताना मोजावे, रडताना नव्हे. दोन महिन्यांच्या आत ६०, दोन महिने ते एक वर्ष ५० आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा त्याहून अधिक गती ही जलद होय.

२०२० च्या साथीपासून बोटास लावायचे ऑक्सिमीटर घरोघरी आले. तथापि थंड बोटे व नखरंग यांमुळे आकडा चुकतो आणि सावळ्या त्वचेत तो वास्तवापेक्षा अधिक दिसू शकतो. यंत्र हे गणनेला पर्याय नव्हे.

तमक श्वासातील परिचर्या

महा, ऊर्ध्व, छिन्न, तमक व क्षुद्र या पाच श्वासांपैकी आपल्या नित्य पाहण्यात येतो तो तमक. या रुग्णास आडवे केल्यास त्रास वाढतो व बसल्याने बरे वाटते. त्याला बसवून पुढे उशी वा मेज द्यावे, कपडे सैल करावेत, कोमट पाणी घोट घोट द्यावे. वैद्यांच्या आदेशानुसार छातीस सैंधवयुक्त तिळतेल लावून स्वेदन करावे. दाह, रक्तष्ठीवन, अतिस्वेद असलेल्यांस, क्षीण रुग्णांस व गर्भिणीस मात्र स्वेदन देऊ नये.

एका दमात वाक्य पूर्ण न होणे, ओठ निळसर पडणे, मानेचे स्नायू ताणले जाणे, गुंगी वा भ्रम होणे, प्राणवायूचे प्रमाण ९२ टक्क्यांखाली जाणे, यांपैकी काहीही दिसल्यास प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात त्वरित पाठवावे. रुग्ण थकत चालला असताना घरघर थांबली, तर श्वास मोकळा झाला असे कदापि समजू नये. हवा आतच जात नसल्याचे ते लक्षण असू शकते.

औषधालयचालकांसाठी

तमकाचा रुग्ण पुष्कळदा वैद्यांआधी औषधालयाच्या पायरीवर येतो. कनकासवात धत्तूर असतो, श्वासकुठार रसात वत्सनाभ व मनःशिला असतात. ही द्रव्ये औषधे नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये समाविष्ट आहेत. ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. धत्तुराने तोंड कोरडे पडणे, हृदयाची धडधड, दृष्टी धूसर होणे व मूत्रावरोध संभवतो. काचबिंदू वा अष्ठीलावृद्धीच्या रुग्णास यापासून विशेष धोका आहे. सितोपलादि चूर्ण मागणाऱ्यासही, तो बोलताना धापा टाकत असल्यास, आधी बसवून श्वास मोजावा. चालू असलेला इन्हेलर एकदम बंद करण्याचा सल्ला वैद्यांनी वा औषधविक्रेत्यांनी देऊ नये.

या गणनेस सेकंदकाटा असलेले घड्याळ व एक मिनिट, एवढेच लागते. आपल्या परिचारिकेच्या नोंदवहीतील श्वासगतीचा रकाना प्रत्येक वैद्याने दररोज स्वतः पाहावा. आकडे जर सर्वत्र सारखेच असतील, तर हा पाठ त्याच दिवशी, रुग्णशय्येजवळ उभे राहून, पुन्हा द्यावा.