सांडपाणी, नायट्रेट आणि निळे बाळ

वैद्यकीय व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांतील एक बाळ माझ्या स्मरणात आहे. वय दोन महिने, वरच्या दुधावर वाढणारे, अंग निळसर पडलेले. हृदय व फुफ्फुसे निर्दोष, प्राणवायू देऊनही रंग पालटेना, रक्त चॉकलेटी. निदान झाले मेथहिमोग्लोबिनेमियाचे. मिथिलीन ब्लू दिल्यावर बाळ गुलाबी झाले. दूध कालवण्यासाठी वापरलेल्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट होते. ‘पाणी भरपूर उकळा’ हा सल्ला माझाच होता! उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते.

ते नायट्रेट शेतातील खताचे की सांडपाण्याचे, हे ठरवता आले नाही; पण तेव्हापासून मी सांडपाण्याचा अभ्यास करू लागलो. आपल्या बडोद्याभोवतीच्या कारखान्यांचे सांडपाणी १९८३ पासून सुमारे ५५ किलोमीटरच्या कालव्यातून खंभातच्या आखाताकडे जाते. त्यापूर्वी ते शुद्ध होणे आवश्यक असते आणि हे काम मुख्यतः जीवाणू करतात.

१९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी मांडलेल्या ‘सक्रिय गाळ’ पद्धतीत टाकीत हवा सोडतात. जीवाणू सेंद्रिय द्रव्य खाऊन वाढतात, गाळरूपाने तळाशी बसतात. त्यांतील काही पुन्हा टाकीत सोडतात. बालकाप्रमाणे त्यांनाही समतोल आहार लागतो: बीओडी १००, नायट्रोजन ५, फॉस्फरस १. नायट्रोजन कमी असल्यास युरिया घालावा लागतो.

अमोनिया अधिक असेल तर मात्र फसगत होते. हवेच्या टाकीत जीवाणू अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करतात. पाणी स्वच्छ दिसते, बीओडी मर्यादेत येते. परंतु नायट्रोजन गेलेला नसतो, त्याने केवळ रूप पालटलेले असते. त्यासाठी प्राणवायूविरहित टाकी हवी. तेथे दुसरे जीवाणू सेंद्रिय द्रव्य खाताना नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. फॉस्फरस काही जीवाणू स्वतःत साठवतात. तो गाळाबरोबर काढता येतो. तो राहिल्यास तलावात शेवाळ माजते.

म्हणून शुद्धीकरणाचा अहवाल पाहताना बीओडीवर थांबू नये, नायट्रोजनही विचारावा. आणि आपल्या दवाखान्यात? शक्यतो स्तनपानच, वरचे दूध अपरिहार्य असेल तर पाणी कोठले, हे आधी विचारावे. विहिरीचे वा बोअरचे असल्यास नायट्रेट तपासून घ्यावे. भारतीय मानकानुसार मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. उकळण्याचा सल्ला त्यानंतर.