मास्कखाली कोण बघणार?

"तुमचे बाबा अजिबात कोऑपरेट करत नाहीत हो." भेटीच्या वेळी आयसीयूत पाऊल टाकलं की हे ठरलेलं. अण्णांचे दोन्ही हात बँडेजने पलंगाच्या कठड्याला बांधलेले. का, तर ते बायपॅप मशीनचा मास्क ओढतात. सीओपीडीचा जुना पेशंट, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढलेला. बायपॅप काढून चालणार नव्हतं, एवढं मलाही कळत होतं. पण अण्णा डोळ्यांनी सारखी नाकाकडे खूण करत होते. मी ते सिस्टरना सांगितलं, आरएमओला सांगितलं. "सवय व्हायला वेळ लागतो," म्हणाले. हवा गळतेय म्हणून मशीन ओरडलं की कुणीतरी येऊन पट्टे आणखी एक घर आवळून जायचं.

शेवटी बघितलं ते मावशींनी. तोंड पुसायला म्हणून त्यांनी सिस्टरना मास्क जरा वर उचलायला लावला, आणि त्याच म्हणाल्या, "अगं बाई, हे कधीचं?" दोन डोळ्यांच्या मधे, नाकाच्या हाडावर काळा-जांभळा चट्टा. मधोमध कातडी नव्हतीच, पिवळट ओलसर थर होता. आणि त्याची वरची कड मास्कच्या कडेबरहुकूम, पट्टीने आखावी तशी. मी त्या कडेकडे बघत राहिले आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माणूस दुखतंय म्हणून हात वर नेत होता, आणि यांनी त्याचे हात बांधले. वर 'पेशंट नॉन-कोऑपरेटिव्ह' अशी फाईलमध्ये नोंद!

पुढची उत्तरं तर ऐकण्यासारखी होती. "वय झालंय, स्किन नाजूक आहे." "आम्ही एअर बेड दिला होता ना." दिला होता, आणि रोजच्या रोज बिलात लावलाही होता. पाठ शाबूत राहिली, खोटं कशाला बोलू? पण एअर बेडने नाकाचं काय भलं होणार होतं? मोठे डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला, नाकाचं काय घेऊन बसलात!" जीव वाचवल्याचे उपकार मी आजही मानते. त्या बदल्यात नाक घ्या, असं काही ठरलं नव्हतं.

बेडसोअर म्हटलं की आपण पाठ, कंबर, टाचा बघतो. उपकरणाने होणारी जखम उपकरणाच्या खाली होते, तिथे कुणी बघत नाही. अमेरिकेतल्या प्रेशर अल्सर सल्लागार मंडळाने २०१६ साली अशा जखमांची वेगळी व्याख्याच केली: रोगनिदानासाठी वा उपचारासाठी लावलेल्या साधनामुळे झालेली, बहुतेकदा त्या साधनाच्याच आकाराची. म्हणजे मी काही नवा शोध लावलेला नाही. नाकाच्या हाडावर मांस-चरबीची गादी जवळपास नसतेच, त्यामुळे तिथली जखम उथळ दिसली तरी खोल पोचलेली असू शकते.

तेव्हा तुमचं माणूस आत असेल तर रोज एकच प्रश्न विचारा: "आज मास्क उचलून खालची कातडी बघितली का?" दिवसातून निदान दोनदा बघायला हवी, अंगावर सूज असेल तर त्याहून जास्त वेळा, कारण सूज चढली की सकाळी बरोबर बसलेला पट्टा संध्याकाळी काचतो. आपल्या सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही, म्हणून नुसतं बघून भागत नाही. बोट लावून बघायला सांगा: शेजारच्या कातडीपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागतंय का, दाबल्यावर दुखतंय का.

बायपॅपमध्ये थोडी हवा गळाली तर चालते, बरीच मशीन ती भरून काढतात. फारच गळत असेल तर आधी मास्कचा साइझ तपासायला सांगा, पट्टे आवळणं नंतर. नाकावर पातळ फोम किंवा हायड्रोकोलॉइड ड्रेसिंग पहिल्या दिवशीच लावायला सांगा. जखम झाल्यावर कापसाची घडी कोंबू देऊ नका, दाब उलट वाढतो. चेहऱ्यावर वेगळ्या जागी टेकणारा दुसरा मास्क आलटून पालटून लावता येतो, हे आम्हाला जखम झाल्यावर सांगण्यात आलं. आणि हे एकट्या मास्कचं नाही. ऑक्सिजनची नळी कानामागे, राईल्स ट्यूब नाकपुडीत, कॅथेटर मांडीखाली, बोटाचा चिमटा, मानेचा पट्टा, पायातले घट्ट मोजे, सगळीकडे तेच. लाल झालेली जागा चोळू मात्र नका.

बाकी नेहमीचं: प्रथिनं पोटात जाऊ द्या, साखर आटोक्यात ठेवा, स्टाफशी गोडीने वागा. मीही गोडीनेच वागत होते म्हणा.

अण्णा घरी आले, पण कित्येक दिवस चष्मा लावता येईना. पेपर मी वाचून दाखवायचे आणि अग्रलेख गाळला म्हणून बोलणी खायचे. डिस्चार्ज कार्डावर या जखमेचा उल्लेख होता तो 'किरकोळ ओरखडा' असा. मी तिथेच अडून बसले. जखम कुठे, लांबी-रुंदी किती, कशामुळे, ड्रेसिंग कुठलं आणि किती दिवसांनी बदलायचं, हे सगळं लिहून घेतल्याशिवाय सही केली नाही. तुम्हीही करू नका. घरी ड्रेसिंगला येणारी सिस्टर पहिल्यांदा तोच कागद मागते.