आज्ञावलीचा स्वयं-पुनरारंभ : तत्त्व, पद्धती व दक्षता

कार्यालयातील संगणकावर चालणाऱ्या आज्ञावलीस काही वेळा स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू व्हावे लागते. पडद्यावरील भाषा बदलली, नवी आवृत्ती बसविली, किंवा दीर्घकाळ चालल्याने स्मृतीवरील भार वाढला, म्हणजे हा प्रसंग येतो. खिडकीपुढे रांगेत उभ्या असलेल्या ग्रामस्थास यातील तांत्रिक भाग दिसत नाही. परंतु पुनरारंभ सदोष असल्यास त्याने भरलेल्या शुल्काची नोंद नाहीशी होते अथवा दोनदा होते. सबब, हा विषय केवळ तंत्रज्ञांचा नाही.

मूळ तत्त्व

जी आज्ञावली थांबली ती पुढील कोणतीही सूचना पाळू शकत नाही. म्हणून आधी थांबणे व मग स्वतःस सुरू करणे हा क्रम तिला अशक्य होय. बदली झालेला कर्मचारी ज्याप्रमाणे कार्यभार सोपवूनच जागा सोडतो, त्याप्रमाणे पुनरारंभाची व्यवस्था थांबण्यापूर्वीच करावी लागते.

तीन पद्धती

(१) नवी प्रत : चालू आज्ञावली कार्यप्रणालीकडून स्वतःचीच दुसरी प्रत सुरू करवून घेते व नंतर थांबते. विंडोजवर ही पद्धत रूढ आहे.

(२) स्थानांतर : युनिक्स व लिनक्स या प्रणालींत ‘एक्झेक’ ही सोय आहे. तीत प्रक्रियेचा क्रमांक तोच राहतो. मात्र तिच्यातील जुनी आज्ञावली जाऊन त्याच जागी नवी येते. फाइलीत न लिहिलेला, केवळ स्मृतीत असलेला मजकूर यात नष्ट होतो.

(३) साहाय्यक : एक लहानशी निराळी आज्ञावली मुख्य आज्ञावली थांबण्याची वाट पाहते व नंतर तिला सुरू करते. विंडोजवर चालू असलेल्या आज्ञावलीची फाइल सामान्यतः बदलता येत नाही. म्हणून नवी आवृत्ती बसविताना ही पद्धत उपयोगी पडते.

घ्यावयाची दक्षता

एका वेळी एकच प्रत चालावी म्हणून अनेक आज्ञावली एक कुलूप लावून ठेवतात. नवी प्रत सुरू झाली, तिला जुनीचे कुलूप दिसले व ती परत फिरली. तेवढ्यात जुनीही थांबली, तर शेवटी एकही प्रत चालू राहत नाही. हे टाळण्यासाठी पुढील क्रम पाळावा :

(अ) हाती असलेली नोंद पूर्ण करून फाइलीत अथवा माहितीसंचात लिहावी.
(आ) नवी प्रत सुरू करताना तिला जुनीचा प्रक्रिया-क्रमांक कळवावा. जुनी थांबेपर्यंत नवीने वाट पाहावी व मगच कुलूप तपासावे.
(इ) नवी प्रत सुरू करण्याची विनंती अयशस्वी झाल्यास जुनीने थांबू नये. पडद्यावर तशी सूचना द्यावी.
(ई) प्रत्येक पावतीस स्वतंत्र क्रमांक असावा. तो माहितीसंचात आधीच असल्यास तीच नोंद पुन्हा स्वीकारू नये.

दुसरा धोका अखंड पुनरारंभाचा. सुरू होताक्षणी बिघडणारी आज्ञावली स्वतःस पुन्हा पुन्हा सुरू करीत राहिली, तर संगणक कामास निरुपयोगी होतो. सन २००७ मध्ये सर्वत्र विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टापासून बिघडलेल्या आज्ञावलीस पुन्हा सुरू करण्याची सोय विंडोजमध्ये आहे. त्यासाठी आज्ञावलीने आधी नोंदणी करावी लागते, आणि ती किमान ६० सेकंद चाललेली असेल तरच तिला पुन्हा सुरू केले जाते. आपल्या आज्ञावलीतही अशी मर्यादा अवश्य ठेवावी.

शिक्षकांसाठी प्रयोग

लिनक्स संगणकावर पायथन भाषेत स्वतःचा प्रक्रिया-क्रमांक छापणारी छोटी आज्ञावली लिहावी. ती प्रथम एक्झेकने व नंतर नवी प्रत काढून पुन्हा सुरू करावी. पहिल्या प्रकारात क्रमांक तोच छापला जाईल. दुसऱ्यात निराळा येईल. प्रत्येक वेळी पुनरारंभाची संख्या पुढील फेरीस कळवावी व ३ फेऱ्यांनंतर थांबावे.

अधिकाऱ्यांनी नवी आज्ञावली स्वीकारण्यापूर्वी एक चाचणी अवश्य घ्यावी : नोंद अर्धवट भरलेली असताना पुनरारंभ करवून ती नोंद शाबूत राहते की नाही, हे पाहावे. तीत उतरलेली आज्ञावलीच जनतेच्या कामास लावावी.