ढोल आणि झांज

मांडवीच्या जेटीवर आत्या भेळ खात बसली होती. मांडीवर बटणांचा फोन.

"दुकानदार म्हणतो, ५जीच घ्या. हा 'जी' कोण रे?"

"जी म्हणजे जनरेशन, पिढी. साधारण दहा वर्षांनी नवी येते."

"पहिली कधी आली?"

"आपल्याकडे आलीच नाही. ३१ जुलै १९९५ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, तो थेट २जीवर. तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडायचे."

"उचलायचे पैसे? मी उचललाच नसता!"

"२जीवर बोलणं आणि एसएमएस. ३जीनं इंटरनेट जरा धावायला लागलं, पण ३जी आता जवळपास गेलंच. खरा बदल ४जीत: तिथे आवाजही डेटा होऊनच जातो. जिओनं २०१६त सुरुवातच ४जीनं केली, २जी ठेवलंच नाही. ते सिम तुझ्या या डबड्यात चालायचं नाही."

"आणि ५जी?"

"ऑक्टोबर २०२२पासून. पण खोक्यावर ५जी छापलं म्हणून टॉवर बदलत नाही. टॉवर ४जीचा असेल तर फोनही ४जीच पकडणार."

"आतोबांची बोट बाहेर गेली की रेंज जाते. ५जीनं लांबवर लागेल?"

"शिमग्यात राजिवड्याला ढोल वाजला तर खाडीपलीकडे भाट्याला काय ऐकू येतं?"

"ढोलाचा घुमका. झांज नाही येत."

"तसंच. ५जीचा खरा वेग ३५०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर, ती झांज. ७०० मेगाहर्ट्झ हा ढोल: लांब जातो, भिंतीतूनही शिरतो. म्हणून जीपेक्षा बँड, म्हणजे लहरींचा पट्टा, विचार. ७०० म्हणजे बँड २८. आणि तुझ्या सिमची कंपनी तो वापरते का, तेही."

"मग बोटीवर लागेल?"

"किनाऱ्याजवळ. सिग्नलला जाऊन यायला वेळ लागतो, म्हणून २जीला साधारण ३५ किलोमीटरची मर्यादाच घातलेली. खोल समुद्रात वायरलेसच. माझं ऐकशील तर महागडा ५जी घेऊ नकोस. तुझी कंपनी ७००वर ४जी देत असेल, तर बँड २८ असलेला ४जी तुला पुरे."

तेवढ्यात डबडं दोनदा वाजून थांबलं. मी उचलायला गेलो, तिनं हात धरला.

"मिस्ड कॉल आहे. बोट मिरकरवाड्याला लागली. चल, टोपली घे."