हसलीस त्यात काय बिघडलं?

पाथरी, जि. परभणी

चि. मीरास,

तुझं पत्र तुझ्या आईनं वाचायला आणून दिलं. शिडाच्या बोटीवरच्या रात्रीच्या पाळ्या, अंगावर ओले कपडे, पोटात अन्न ठरत नाही, त्यात वारा वाढून शीड फाटलेलं. वाचून ती घाबरली. मला एकच ओळ खटकली. पावसाची सर आली, तुम्ही सगळ्यांनी डेकवर अंघोळ केली, खदखदून हसलात. आणि मग तुला वाटलं, शीड फाटलेलं असताना आपण हसलो कसे? अगं, त्यात ओशाळण्यासारखं काय आहे?

तू मराठवाड्याची पोर. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, ते दिवस तुला आठवत असतील. टँकरमागे घागरी घेऊन धावणाऱ्या बायका त्या रेटारेटीतही एकमेकींची थट्टा करायच्याच. टंचाई संपल्यावर हसू म्हणाल्या असत्या, तर त्यांना उभा जन्म तोंड पाडून बसावं लागलं असतं. तुमच्या बोटीवर तर चहूकडे पाणी आणि प्यायचं तेवढं मोजून. तिथं गोड्या पाण्याची सर आल्यावर आनंद होणारच.

कमांडर दिलीप दोंदे २००९-१० साली एकट्यानं शिडाच्या बोटीतून जगाला वळसा घालून आले, असं करणारे पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ ही बोट गोव्यात दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधली होती. पुढे दोंद्यांनीच नौदलाच्या ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीवरच्या सहा जणींना तशाच सफरीसाठी तयार केलं. वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली त्या सप्टेंबर २०१७ मध्ये गोव्याहून निघाल्या, मे २०१८ मध्ये परतल्या. शेवटच्या टप्प्यात सुकाणूत बिघाड झाला, मॉरिशसला थांबणं भाग पडलं. मोडतोड समुद्रात होतच असते. ती दुरुस्त करायची, आणि हसू आलं तर हसायचं.

मी समुद्र पाहिला तो गेटवे ऑफ इंडियावरून. घारापुरीच्या लाँचमध्ये जीव मुठीत धरून बसलो होतो, तेव्हा हा उपदेश कोण करतंय ते लक्षात ठेव! तरी दोन गोष्टी सांगतोच. डॉल्फिन आले म्हणून सुरक्षा पट्ट्याची कडी अडकवल्याशिवाय पुढे धावू नकोस. आणि पाळी संपली की आधी झोप. जागरणानं माणूस चिडका होतो, मग चुका करतो. रात्री समुद्राच्या पाण्यात चमकणारा निळसर उजेडसुद्धा त्याला नको वाटतो. आणखी एक, ज्याला उलट्या होताहेत त्याच्यावर हसू नका. त्याला आल्याचा तुकडा द्या, त्याची पाळी वाटून घ्या.

आईला फोन कर. शीड फाटलं हे तिला कळलंच आहे, आता पावसाचंही तुझ्या तोंडून सांग. सुट्टी मिळाली की मानवत रोडला उतर, मी न्यायला येतो.

तुझा,
मामा