वचन आणि तरतूद

प्रस्तावना

नगरपालिकेची निवडणूक जवळ आली की चौकाचौकांत सभा भरू लागतात. प्रत्येक उमेदवार पाणी, रस्ते, गटारे आणि दिवाबत्ती यांविषयी आश्वासने देतो. मतदार ती ऐकून घेतो. परंतु ती पुरी होण्याजोगी आहेत की नाहीत, हे ताडून पाहण्याचे साधन आपल्या हाती आहे याची जाणीव त्याला बहुधा नसते. ते साधन म्हणजे नगरपालिकेचे अंदाजपत्रक. प्रस्तुत पाठात अंदाजपत्रकाचे स्वरूप, त्याविषयी उमेदवाराने घ्यावयाची भूमिका आणि हिशेब पाहण्याचा नागरिकाचा अधिकार यांचा परिचय करून दिला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थी –
• नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातील जमा व खर्चाच्या मुख्य बाबी सांगू शकतील;
• आश्वासन, तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांतील भेद स्पष्ट करू शकतील;
• माहितीच्या अधिकाराचा उपयोग स्थानिक कामांच्या संदर्भात कसा करावा, हे समजून घेतील.

मूळ पाठ

१. नगराचा कारभार नगराच्या हाती

नगराचा कारभार तेथील रहिवाशांनी निवडलेल्या प्रतिनिधींकडे असावा, हा विचार भारतात नवा नाही. व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने स्थानिक स्वराज्य संस्थांना चालना मिळाली. स्वातंत्र्यानंतर मात्र या संस्थांचे अस्तित्व दीर्घकाळ राज्य शासनांच्या मर्जीवर अवलंबून राहिले. कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षे निवडणुका होत नसत. ही उणीव दूर करण्यासाठी १९९२ मध्ये ७४ वी घटनादुरुस्ती संमत झाली आणि १ जून १९९३ पासून ती अमलात आली. तिच्यामुळे नगरपालिकांना घटनात्मक दर्जा मिळाला, पाच वर्षांची मुदत निश्चित झाली, स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवण्यात आल्या आणि निवडणुका घेण्याची जबाबदारी राज्य निवडणूक आयोगाकडे सोपवण्यात आली. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील असे १८ विषय दिलेले आहेत. पाणीपुरवठा, रस्ते, सार्वजनिक आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा हे त्यांपैकी काही होत.

कायदा असूनही निवडणुका लांबणीवर पडू शकतात. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. निवडणूक न झाल्याने त्यानंतरची काही अंदाजपत्रके प्रशासकांनी मांडली आणि त्यांनीच मंजूर केली. लोकांनी निवडलेला एकही सदस्य त्या वेळी सभागृहात नव्हता. अंदाजपत्रकावर लोकप्रतिनिधीने प्रश्न विचारणे म्हणजे काय, याचे महत्त्व अशा काळात विशेष जाणवते.

२. जमा आणि खर्च

अंदाजपत्रक म्हणजे येत्या आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात, किती पैसा येईल आणि तो कशावर खर्च होईल याचा लेखी अंदाज. त्याच्या दोन बाजू असतात. जमेच्या बाजूला घरपट्टी, पाणीपट्टी, दुकानांचे भाडे, बाजार फी, परवाना शुल्क आणि शासनाकडून येणारी अनुदाने असतात. पूर्वी जकात हे अनेक नगरांचे मोठे उत्पन्न होते. ती टप्प्याटप्प्याने बंद झाली. मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होताच संपुष्टात आली. परिणामी नगरांचे शासकीय अनुदानावरील अवलंबन वाढले आहे.

खर्चाचे दोन प्रकार असतात. वेतन, निवृत्तिवेतन, वीज, साफसफाई, दुरुस्ती हा नित्याचा खर्च महसुली खर्च होय. नवी जलवाहिनी, नवा रस्ता, शाळेची इमारत यांसारख्या टिकाऊ कामांवरचा खर्च भांडवली खर्च होय. एखाद्या कामासाठी अंदाजपत्रकात राखून ठेवलेल्या रकमेला तरतूद म्हणतात. वर्ष सरत येताना प्रत्यक्ष जमाखर्च पाहून सुधारित अंदाज तयार केला जातो. एका कामाची रक्कम दुसऱ्या कामाकडे वळवली, तर त्यास पुनर्विनियोजन म्हणतात. तरतूद झाली म्हणजे काम झाले असे नव्हे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

३. एका सभेतील संवाद

उमेदवाराने अंदाजपत्रकाविषयी कसे बोलावे, हे समजण्यासाठी एक कल्पित प्रसंग पाहू. एका लहान नगराच्या प्रभागात एक महिला उमेदवार कोपरा सभेला आली आहे. प्रसंगातील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.

सभेतील एक वृद्धा म्हणाली, "ताई, आमच्या गल्लीची गटार तीन निवडणुका झाल्या तरी उघडीच आहे. पावसाळ्यात पाणी घरात शिरतं. तुम्ही ती बांधून देणार का, तेवढं सांगा."

उमेदवार म्हणाली, "आजी, बांधून देईन असं आज म्हटलं, तर ते बोलणं खोटं ठरू शकेल. आधी हिशेब ऐका. नगरपालिकेची वर्षाची जमा दहा कोटी. त्यातले सहा कोटी पगार आणि पेन्शनला जातात. दोन कोटी वीज, पाणी आणि सफाईला. उरले दोन कोटी. त्यातले एक कोटी वीस लाख शासनाने ठरवून दिलेल्या योजनांवरच खर्च करता येतात. राहिले ऐंशी लाख. प्रभाग वीस. सारखी वाटणी केली, तर आपल्या वाट्याला चार लाख येतात आणि गटारीला बारा लाख लागतात."

"म्हणजे गटार होणारच नाही!" मागून एक तरुण म्हणाला.

"होईल, पण दोनच मार्गांनी. एक तर आपला तीन वर्षांचा वाटा त्या एका कामाला द्यावा लागेल, म्हणजे तीन वर्षं दुसरं काम मागायचं नाही. नाहीतर ज्या वस्तीत पाणी घरात शिरतं तिचं काम आधी, असं सभागृहाला पटवावं लागेल. मी दुसरा मार्ग धरीन. तो जमला नाही, तर पहिला धरायचा की नाही हे याच चौकात तुम्हाला विचारीन."

एका सेवानिवृत्त शिक्षकांनी विचारले, "मागील अंदाजपत्रकांत या गटारीसाठी तरतूद होती, असे ऐकतो. मग काम का झाले नाही?"

"गुरुजी, तरतूद दोनदा झाली आणि दोन्ही वेळा वर्षाअखेरीस ती रक्कम दुसरीकडे वळवली गेली. ठराव सभागृहात झाला, पण प्रभागाला कुणी कळवलं नाही. म्हणून माझं वचन एवढंच आहे. आपल्या प्रभागासाठी किती रक्कम ठेवली, किती खर्च झाली आणि किती वळवली, हे दर तीन महिन्यांनी या चौकातल्या फळ्यावर लिहिलं जाईल. माझ्या विरोधात जाणारा आकडासुद्धा लिहिला जाईल."

या उमेदवाराने गटारीचे वचन दिले नाही, हिशेबाचे दिले. काम होणे हे सभागृह, निधी व प्रशासन यांवर अवलंबून असते. हिशेब लोकांपुढे मांडणे मात्र प्रतिनिधीच्या स्वतःच्या हाती असते. म्हणून पाच वर्षांनी त्याच्याकडे निःसंशयपणे मागता येईल असे वचन हेच होय.

४. हिशेब मागणारे लोक

सार्वजनिक पैशाचा हिशेब उघडपणे मागण्याची प्रेरणा भारतात सुशिक्षित शहरांतूनच आली असे नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटन या संस्थेने २ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे जनसुनवाई घेतली. स्थानिक कामांची हजेरीपत्रके व देयके गावकऱ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवण्यात आली आणि कागदावरील नोंद खरी की खोटी, हे त्या गावच्या मजुरांनीच सांगितले. ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनाही हिशेबातील खोट ओळखता आली. कारण काम कोणी केले, कोणी केले नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. १९९६ मध्ये ब्यावर शहरात या मागणीसाठी चाळीस दिवसांचे धरणे झाले आणि त्याला शहरवासीयांनीही साहाय्य केले. पुढे देशभर पसरलेल्या या मागणीतून २००५ चा माहितीचा अधिकार अधिनियम आकारास आला. तत्पूर्वी राजस्थानने २००० मध्ये आणि महाराष्ट्राने २००२ मध्ये आपापले कायदे केले होते.

झालेल्या खर्चाचा हिशेब मागणे ही एक पायरी झाली. खर्च ठरवतानाच नागरिकांना विचारणे ही तिच्यापुढची पायरी होय. ब्राझीलच्या दक्षिण भागातील पोर्तो अलेग्री या शहराने १९८९ पासून ही पद्धत स्वीकारली. तेथे वस्तीवस्तीत सभा भरत, लोक आपल्या गरजांचा क्रम लावत आणि निवडलेले प्रतिनिधी त्यानुसार नव्या कामांची यादी ठरवत. गरीब वस्त्यांतील पाणी व सांडपाण्याची कामे त्यामुळे पुढे सरकली. २००४ च्या निवडणुकीत तेथे सत्तांतर झाले आणि पुढील काळात या पद्धतीचा जोर ओसरत गेला. पुणे महानगरपालिकेने २००६-०७ च्या सुमारास नागरिकांकडून अर्जाद्वारे लहान कामे सुचवून घेण्यास आरंभ केला. पदपथ, पथदिवे, बसथांबे अशी कामे त्यात सुचवता येतात. एकूण अंदाजपत्रकाच्या मानाने ही रक्कम अल्प असली, तरी आपल्या गल्लीचे काम अंदाजपत्रकात कसे शिरते, हे नागरिकाला त्यातून कळते.

५. माहितीचा अधिकार

माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णतः अमलात आला. त्याच्या कलम ४ नुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अंदाजपत्रक, योजना, प्रस्तावित खर्च व वितरित रकमांचे अहवाल स्वतःहून प्रसिद्ध करावयाचे असतात. याचा अर्थ असा की, नगरपालिकेचे अंदाजपत्रक मागावे लागणे हीच मुळात एक त्रुटी होय.

जे प्रसिद्ध झालेले नाही ते अर्ज करून मागता येते. अर्जात कारण द्यावे लागत नाही. केंद्र शासनाच्या व महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्जाचे शुल्क १० रुपये असून दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस ते माफ आहे. अर्ज लिहिता येत नसेल, तर तोंडी विनंती लिहून घेण्यास साहाय्य करणे हे माहिती अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. उत्तर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत मिळाले पाहिजे; न मिळाल्यास वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते. या अधिकारात केवळ कागद मिळणे येत नाही. चालू कामाची पाहणी करणे आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना घेणे, हेही त्यात समाविष्ट आहे.

उमेदवाराचे आश्वासन, अंदाजपत्रकातील तरतूद आणि जमिनीवर दिसणारे काम या तिन्ही गोष्टी एकमेकींशी जुळतात की नाही, हे पाहणारा मतदार असेल तरच उघड्या कारभाराला अर्थ राहतो. कायद्याने दार उघडले आहे. आत जाऊन वही पाहण्याचे काम नागरिकाचे आहे.

शब्दार्थ

तरतूद – विशिष्ट कामासाठी राखून ठेवलेली रक्कम
देयक – केलेल्या कामाचे बिल
हजेरीपत्रक – कामावरील मजुरांच्या उपस्थितीची नोंद
जनसुनवाई – लोकांसमोर होणारी जाहीर सुनावणी
पुनर्विनियोजन – एका बाबीची रक्कम दुसऱ्या बाबीकडे वळवणे

पाठगत प्रश्न

रिकाम्या जागा भरा.
(क) ७४ वी घटनादुरुस्ती ______ पासून अमलात आली.
(ख) नवी जलवाहिनी टाकण्याचा खर्च हा ______ खर्च होय.
(ग) कोट किराना येथील जनसुनवाई ______ साली झाली.

तुम्ही काय शिकलात

• अंदाजपत्रकात जमेच्या व खर्चाच्या बाजू असतात. नित्याचा खर्च वजा जाता नव्या कामांसाठी थोडीच रक्कम उरते.
• तरतूद होऊनही काम न होण्याचे एक कारण म्हणजे वळवलेली रक्कम.
• अंदाजपत्रक व खर्चाचे अहवाल स्वतःहून प्रसिद्ध करणे कायद्याने बंधनकारक आहे.

स्वाध्याय

१. "तरतूद झाली म्हणजे काम झाले असे नव्हे." पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
२. संवादातील उमेदवाराने सांगितलेल्या दोन मार्गांपैकी तुम्ही कोणता निवडाल? सकारण लिहा.
३. जनसुनवाईत निरक्षर मजुरांनाही हिशेबातील खोट ओळखता आली, याचे कारण सांगा.
४. उपक्रम : आपल्या गावाच्या किंवा नगराच्या अंदाजपत्रकातून आपल्या वस्तीसाठी ठेवलेली एक तरतूद शोधा. ते काम प्रत्यक्षात कोणत्या स्थितीत आहे, ते पाहून दहा ओळींत लिहा.