घटक ६ : स्थलांतरित आणि स्थानिक – सामाजिक-आर्थिक अंतर आणि भाषा

अनुक्रम
६.१ उद्दिष्टे
६.२ प्रास्ताविक
६.३ विषय-विवेचन
६.४ सारांश
६.५ पारिभाषिक शब्द
६.६ स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे
६.७ स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला :
• हंगामी आणि कायम स्थलांतर यांतील फरक सांगता येईल.
• स्थानिक आणि स्थलांतरित यांच्यातील सामाजिक-आर्थिक अंतर शब्दांच्या वापरात कसे उमटते, हे उदाहरणांनी स्पष्ट करता येईल.
• बोलीभेद आणि आर्थिक विषमता यांचा संबंध तपासून पाहता येईल.
• आपल्या परिसरातील स्थलांतरितांच्या भाषेची नोंद कशी घ्यावी, हे समजेल.

६.२ प्रास्ताविक

मागील घटकात आपण भाषा आणि सामाजिक स्तर यांच्या संबंधांचा परिचय करून घेतला. या घटकात आपण स्थलांतराकडे वळणार आहोत. ‘स्थलांतरित’ म्हटले की परदेशात गेलेला माणूस चटकन डोळ्यांपुढे येतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात किंवा ॲमस्टरडॅमच्या आग्नेय उपनगरात घाना देशातून आलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे. तेथे जन्मलेल्या रहिवाशांच्या तुलनेत ते मागे का, असे विचारले तर परकी भाषा, मान्यता नसलेली पदवी, वास्तव्याची कागदपत्रे, वर्णभेद अशी कारणे पुढे येतात. त्यांपैकी भाषेचे कारण पहिल्यांदा सांगितले जाते, कारण ते सर्वांत सहज दिसते.

समजा, स्थलांतरित आणि स्थानिक एकाच राज्याचे, काही वेळा तर एकाच जिल्ह्याचे आहेत आणि दोघांचीही भाषा मराठी आहे. मग हे अंतर मिटते का? मिटत नसेल, तर भाषेचा त्याच्याशी नेमका संबंध काय? संगमनेर परिसराच्या आधारे या प्रश्नांचा विचार करू.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ संगमनेर : पाणी, ऊस आणि माणसे

संगमनेर हे प्रवरा आणि म्हाळुंगी या नद्यांच्या संगमावरचे गाव. भंडारदरा येथील धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याचे पाणी संगमनेर तालुक्यातील ओझर येथील बंधाऱ्यापासून कालव्यांनी खालच्या भागाला मिळू लागले आणि प्रवराकाठी बागायती वाढली. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. संगमनेरजवळ अमृतनगर येथे भाऊसाहेब थोरात यांच्या पुढाकाराने सहकारी कारखाना सुरू झाला. शेतकरी कारखान्याचा ‘सभासद’ झाला. त्या एका शब्दाने त्याला भाग, मतदान आणि सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारण्याचा हक्क दिला.

परंतु ऊस तोडायला माणसे लागतात आणि ती बाहेरून येतात. बीड जिल्हा, पाथर्डी-शेवगाव-जामखेडचा कोरडवाहू टापू, नांदगाव-चाळीसगावचा भाग येथून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. राज्यभरात त्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास मानली जाते. पाथर्डी आणि संगमनेर हे एकाच जिल्ह्याचे तालुके आहेत, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी. संगमनेर तालुक्यातही साकूर-घारगावचा पठारभाग कायम पाण्यासाठी तहानलेला असतो. म्हणजे ‘स्थानिक’ हा एकजिनसी गट नाही.

६.३.२ मोजमापाची भाषा : ‘कोयता’ आणि ‘डोकी’

ऊसतोडीच्या व्यवहारात ‘कोयता’ म्हणजे केवळ अवजार नव्हे. ‘मुकादमाने वीस कोयते आणले’ या वाक्यात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस आला तर तो ‘अर्धा कोयता’. डोक्यावरून मोळ्या वाहून मालमोटार भरणाऱ्या टोळीला ‘डोकी सेंटर’ म्हणतात. साहित्यशास्त्रातील शब्दशक्तींच्या अभ्यासात आपण लक्षणा पाहिली आहे. येथे साधनावरून आणि अवयवावरून माणसाचा बोध होतो. काव्यात लक्षणा अर्थाला समृद्ध करते. हिशेबाच्या वहीत ती नेमके उलट करते, कारण वहीत माणसाचे नाव येतच नाही. जोडीची मजुरी एकत्र लावली जाते आणि बहुधा पुरुषाच्या हाती पडते. त्यामुळे बाईने तोडलेल्या उसाची वेगळी नोंद राहत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात व्यवसायबोलीतील शब्द गोळा करण्याचा उपक्रम दिला होता. ‘कोयता’ या शब्दापुढे बहुतेकांनी ‘ऊस तोडण्याचे अवजार’ असा अर्थ लिहिला. एका विद्यार्थिनीने लिहिले, ‘आई आणि दादा’. तिच्या घरी वडिलांना दादा म्हणत. मी सवयीने लाल पेन उचलले आणि थांबलो. कोश तिच्या बाजूने नव्हता, व्यवहार मात्र होता. त्या दिवसापासून मी शब्दसूची तपासताना ‘हा अर्थ कोणाचा?’ हा प्रश्न आधी विचारतो. आपणही तो विचारावा, अशी अपेक्षा आहे.

६.३.३ एक शब्द, दोन अर्थ : ‘उचल’

या घटकातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण ‘उचल’ या शब्दाचे आहे. प्रवराकाठचा ऊस उत्पादक ‘यंदा पहिली उचल किती?’ असे विचारतो. तेव्हा उचल म्हणजे कारखान्याला घातलेल्या उसाच्या किमतीचा पहिला हप्ता. माल देऊन झाला आहे, आता पैसे यायचे आहेत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत किंमत मिळायला हवी. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. ती नेहमी पाळली जाते असे नाही, पण मागायला आधार आहे. या उचलीसाठी आंदोलने होतात, त्यांच्या बातम्या छापून येतात.

ऊसतोड कामगाराची उचल वेगळी. ती हंगामापूर्वी मुकादमाकडून मिळते. जोडीमागे ती पन्नास हजारांपासून लाखाच्या पुढेही असते. लग्न, आजारपण, बियाणे, मागचे देणे यांत ती गावीच संपते. म्हणजे पैसे आधी आले, काम अजून व्हायचे आहे. शेतकऱ्याची उचल हे त्याचे येणे असते, तर कामगाराची उचल हे त्याच्या अंगावरचे देणे असते. ‘अंगावर उचल आहे’ हा वाक्प्रयोग शब्दशः घ्यावा असाच आहे, कारण ते देणे अंगमेहनतीनेच फिटते.

हिशेब करून पाहू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि दर टनाला सुमारे ३६६ रुपयांवर गेला. जोडीने दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर ७३२ रुपये होतात. एक लाखाची उचल फिटायला या हिशेबाने सुमारे १३७ पूर्ण दिवस लागतात. अलीकडे अनेक कारखान्यांचा हंगाम त्याआधीच आटोपतो. शिवाय मधल्या काळात पोटासाठी आठवड्याची ‘खर्ची’ घ्यावी लागते, तीही उचलीत मिळवली जाते. उसाची वाढी जनावरांच्या चाऱ्यासाठी विकून थोडे पैसे सुटतात, पण देणे उरतेच. तिला ‘बाकी’ म्हणतात आणि ती पुढच्या वर्षीची उचल ठरवते.

अशीच दुसरी जोडी ‘रजा’ आणि ‘खाडा’ या शब्दांची. कारखान्याच्या कार्यालयातील कर्मचारी रजा घेतो. फडातील बाईचा मात्र खाडा होतो. ‘खाडा’ या शब्दात गैरहजेरी आणि तिच्यासाठीची दंडाची कपात असे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात आला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची अशी शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. दुखणे अंगावर काढणे, पाण्या-शौचालयाची गैरसोय, शस्त्रक्रियेचा चुकीचा सल्ला अशी अनेक कारणे त्यामागे आहेत. खाड्याची धास्ती हे त्यांपैकी एक. शब्दाचा अर्थ शरीरापर्यंत कसा पोहोचतो, हे यावरून ध्यानात येईल.

स्वयंअध्ययन प्रश्न – १
रिकाम्या जागा भरा.
(अ) ऊसतोडीला एकटा आलेला माणूस व्यवहारात ______ म्हणून मोजला जातो.
(आ) भंडारदरा येथील धरण ______ साली पूर्ण झाले.
(इ) हंगामात पोटासाठी मिळणाऱ्या आठवड्याच्या रकमेला ______ म्हणतात.

६.३.४ बोलीभेद हे अंतराचे कारण आहे काय?

बीडकडील मूल ‘मी जेवायलोय’ म्हणते, संगमनेरचे मूल ‘मी जेवतोय’ म्हणते. दोन्ही रूपे क्रियेचे अपूर्णत्व नियमाने दाखवतात. व्याकरणाच्या दृष्टीने एक शुद्ध आणि दुसरे अशुद्ध असे काही नाही. तरीही वर्गात पहिल्या रूपावर हसू उमटते, मूल हळूहळू बोलणे थांबवते आणि मग ‘ऊसतोडीची मुले बोलत नाहीत’ असा शेरा तयार होतो.

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बेसिल बर्नस्टाइन यांनी श्रमिक व मध्यम वर्गांतील मुलांच्या भाषिक संकेतव्यवस्थांमध्ये ‘मर्यादित’ आणि ‘विस्तृत’ असा भेद केला. त्याचा सोयीस्कर अर्थ लावून गरीब मुलांची भाषाच अपुरी आहे, असे मत पसरले. अमेरिकन भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव यांनी न्यूयॉर्कमधील कृष्णवर्णीय मुलांच्या बोलीचा अभ्यास करून त्याला उत्तर दिले. परक्या, दडपण आणणाऱ्या मुलाखतीत गप्प बसणारे मूल आपल्या वातावरणात मुद्देसूद वाद घालते, हे त्यांनी दाखवले. ऊसतोड कामगारांच्या मुलांबाबतही हेच म्हणता येते. त्यांच्या शिक्षणातील खरा खंड भाषेचा नसून दिवाळी ते उन्हाळा या काळाचा आहे. त्यासाठी १९९० च्या दशकापासून साखरशाळा निघाल्या. पुढे गावातच मूल थांबावे म्हणून हंगामी वसतिगृहे, शाळाबदल सोपा व्हावा म्हणून शिक्षण हमी कार्ड आणि २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली. या उपायांचा रोख स्थैर्यावर आहे, उच्चार सुधारण्यावर नाही. तो योग्यच आहे.

६.३.५ प्रतिउदाहरण : तेलुगूभाषक विडी कामगार

आता उलट बाजूने पाहू. संगमनेर विडी व्यवसायासाठीही ओळखले जाते. या व्यवसायात पद्मशाली समाजातील स्त्रिया मोठ्या प्रमाणावर आहेत. त्यांचे पूर्वज तेलंगणातून आले. अनेक घरांत आजही तेलुगू बोलली जाते आणि बाहेर अस्खलित मराठी. भाषेचे अंतर हेच निर्णायक असते, तर हा समाज ऊसतोड कामगारांपेक्षा अधिक ‘बाहेरचा’ ठरला असता. प्रत्यक्षात तो संगमनेरकर आहे. त्याचे घर, शिधापत्रिका, मतदार यादीतील नाव आणि शाळा सारे येथेच आहे.

विडी कामगारांचे जीवन सुखाचे आहे, असा याचा अर्थ नाही. हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी तुटपुंजी असते आणि तंबाखूची धूळ छातीत जाते. मात्र १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले आणि १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. ऊसतोड कामगाराच्या बाबतीत १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरताच होता. खानदेशातून दक्षिण गुजरातेतील बारडोलीकडे जाणारा मजूर त्याच्या कक्षेत येऊ शकत होता, बीडहून संगमनेरला येणारा नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले, ते बऱ्याच उशिरा.

निष्कर्ष असा : माणूस स्थानिक होतो तो भाषा बदलल्याने नव्हे, पत्ता, नोंद आणि हक्क मिळाल्याने. सहा महिने कोपीत आणि सहा महिने गावी राहणाऱ्याचा पत्ता दोन्हीकडे अर्धाच राहतो. भाषा हे अंतर निर्माण करत नाही, पण ते जपून ठेवते आणि नैसर्गिक भासवते. अंतर कोठे आहे हे शोधण्याची साधनेही भाषेतच सापडतात.

स्वयंअध्ययन प्रश्न – २
एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘जेवायलोय’ आणि ‘जेवतोय’ या रूपांत कोणते साम्य आहे?
(आ) १९७९ चा कायदा बीडहून संगमनेरला येणाऱ्या कामगाराला का लागू नव्हता?

६.४ सारांश

संगमनेर परिसरात ऊस उत्पादक आणि ऊसतोड कामगार दोघेही मराठी बोलतात, तरी त्यांच्यातील आर्थिक अंतर मोठे आहे. ‘कोयता’, ‘डोकी’, ‘उचल’, ‘खाडा’, ‘बाकी’ या शब्दांत ते अंतर दिसते. विशेषतः ‘उचल’ हा शब्द एकासाठी येणे, तर दुसऱ्यासाठी देणे ठरतो. बोलीभेद हे विषमतेचे मूळ कारण नाही, हे तेलुगूभाषक विडी कामगारांच्या उदाहरणावरून कळते. पत्ता, नोंद आणि कायदेशीर मान्यता हे घटक अधिक निर्णायक आहेत.

६.५ पारिभाषिक शब्द

फड : तोडणीसाठी तयार असलेले उसाचे शेत.
मुकादम : मजुरांची टोळी जमवून उचल देणारा मध्यस्थ.
कोपी : ऊसतोड कामगारांची तात्पुरती झोपडी.
वाढी : उसाच्या शेंड्याकडील हिरवा पाला.
हंगामी स्थलांतर : ठरावीक काळासाठी जाऊन मूळ गावी परतणे.

६.६ स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) अर्धा कोयता (आ) १९२६ (इ) खर्ची
प्रश्न २ : (अ) दोन्ही रूपे क्रियेचे अपूर्णत्व नियमाने दाखवतात. (आ) तो कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्या कामगारांपुरता होता.

६.७ स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

१. ‘उचल’ या शब्दाच्या दोन अर्थांच्या आधारे ऊस उत्पादक आणि ऊसतोड कामगार यांच्या आर्थिक स्थितीची तुलना करा.
२. ‘भाषा अंतर निर्माण करत नाही, पण जपून ठेवते’ या विधानाची सोदाहरण चर्चा करा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील ऊसतोड, वीटभट्टी, बांधकाम किंवा मेंढपाळ यांपैकी एका स्थलांतरित गटातील किमान तीन व्यक्तींशी बोला आणि मजुरी, कर्ज, रजा, घर यांसंबंधीचे वीस शब्द नोंदवा. प्रत्येक शब्दापुढे त्यांनी सांगितलेला अर्थ त्यांच्याच शब्दांत लिहा. कोशातील अर्थ त्यानंतर पाहा. संभाषणासाठी त्यांच्या सवडीची वेळ निवडा. आपल्या अभ्यासामुळे कोणाचा खाडा होणार नाही, याची काळजी घ्या.